नावं दोन, पाटी एक

नांदेडात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस हमखास परगावचा असतो. आम्ही गंगा म्हणतो. "कुठं चाललास बे?" "गंगंवर." गोदावरी हे नाव आम्ही भूगोलाच्या पुस्तकासाठी, पाटबंधारे खात्याच्या कागदांसाठी आणि पहिली मुलगी झाल्यास तिला ठेवायला म्हणून राखून ठेवलेलं आहे. आता गंमत अशी, की गंगेत निर्माल्याची पिशवी टाकली की गोदावरी घाण होते. याचं पुष्कळांना आश्चर्य वाटतं. सकाळी पुलावरून पिशवी भिरकावणारे गृहस्थ संध्याकाळी वर्तमानपत्रात 'गोदावरी प्रदूषित' असा मथळा वाचून "लोकांना काही अक्कलच नाही" असं म्हणतात, तेव्हा ते ढोंग करत नसतात. त्यांनी पिशवी टाकली ती गंगेत. गोदावरीचं ज्यानं केलं असेल, त्यानं निस्तरावं.

एका वस्तूला दोन नावं असली की वस्तूही दोन असाव्यात असं माणसाला मनापासून वाटतं. आणि या बाबतीत आम्हा मराठवाड्याच्या माणसांना सराव जरा जास्तच आहे. आमचं रेल्वे स्टेशन नांदेड, पण वेळापत्रकात शोधायचं ते 'हुजूर साहिब नांदेड'. लातूर जिल्हा निघाला १९८२ साली. त्याआधी लातूरकर उस्मानाबाद जिल्ह्यात राहत होते, आणि ते उस्मानाबाद २०२३ पासून धाराशिव झालं. म्हणजे लातुरातल्या एखाद्या आजोबांनी आयुष्यात घराचा उंबरठा ओलांडला नसला, तरी त्यांच्या दाखल्यावरचा जिल्हा घर सोडून गेलेला आहे आणि वर त्यानं नावही बदललेलं आहे.

बँकेचंही तेच. १९४१ साली निजामाच्या राज्यात हैदराबाद स्टेट बँक निघाली, पुढं ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. इमारत तीच, काउंटर तेच, पंखा तोच आणि पंख्याचा आवाजही तोच. आमच्याकडची जुनी माणसं आजही तिला 'हैद्राबाद बँक' म्हणतात आणि बरोबर त्याच दारातून आत जातात. मी स्वतः त्या बँकेत नाही. मी दुसऱ्या एका बँकेत क्लार्क आहे. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा वडील म्हणाले होते, "आता दुसऱ्याचे पैसे मोज." ते मी गेली वीसेक वर्षं मोजतो आहे.

काउंटरच्या आत बसल्यावर जगात दोनच प्रकारची भानगड दिसते. पहिली, एका नावाची दोन माणसं. ही सोपी. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघं निघतात. मग वडिलांचं नाव विचारायचं, वडिलांचंही तेच निघालं तर आधार कार्ड मागायचं, आणि तरीही शंका राहिली तर ज्यानं कर्ज घेतलंय तो कोण असं मोठ्यानं विचारायचं. दोघं आपोआप मागं सरकतात. दुसरी भानगड म्हणजे दोन नावांची एकच वस्तू. ही महाकठीण. कारण इथं घोटाळा आहे हे कोणालाच दिसत नाही.

उदाहरणार्थ संयुक्त खातं. नवरा-बायकोचं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही काढा, नाहीतर जो मागं राहील त्यानं काढा. (सगळा संसार इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी मांडलेला माझ्या वाचनात नाही.) एकदा एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांच्या कार्डात किती राहिले अन् माझ्या कार्डात किती राहिले, वेगवेगळं सांगा."

"ताई, कार्डं दोन आहेत, खातं एकच आहे."

"मग दोन कार्डं दिली कशाला?"

"दोघांना काढता यावेत म्हणून."

"मी तर माझ्या कार्डातून एक रुपया काढला नाही. मग माझ्यातले कमी कसे झाले?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे आणि कौटुंबिकदृष्ट्या अशक्य आहे. मी खात्याचा उतारा छापून दिला. पुढचं त्यांच्या घरी झालं.

आता वाचक म्हणतील, की हे सगळं ठीक आहे, पण हा क्लार्क आज कॉम्प्युटरच्या प्रोग्रामविषयी बोलणार असं ऐकलं होतं. तर तिकडंच चाललो आहे. ज्या गोष्टीवर मोठमोठे इंजिनिअर रात्री जागवतात, ती गोष्ट म्हणजे त्या बाईंची दोन कार्डं आहेत, हे मला माझ्या भाच्यानं सांगितलं. म्हणजे त्यानं वेगळ्या शब्दांत सांगितलं. कार्डं मी घातली.

हा भाचा माझ्या लातूरच्या ताईचा. नांदेडला आमच्याकडं राहून इंजिनिअर झाला, पुण्याच्या एका कंपनीत लागला, आणि २०२० साली लॉकडाऊनमध्ये लातूरला जो आला तो तिथूनच काम करतो. ज्या भाषेत तो प्रोग्राम लिहितो तिचं नाव रुबी. युकिहिरो मात्सुमोतो नावाच्या एका जपानी गृहस्थांनी ती १९९५ साली लोकांपुढं आणली. रुबी म्हणजे माणिक. आम्हाला माणिक म्हटल्यावर माणिकचमन द्राक्षंच आठवतात, पण भाच्याच्या मते ही भाषा त्याहून गोड आहे. असेल.

दाजींची लातूरला मार्केट यार्डात आडत आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. शेतकऱ्यानं माल आणला, वजन झालं, सौदा झाला, की दाजी पट्टी करून देतात. पट्टी म्हणजे हिशोबाचा कागद: वर दुकानाचं नाव, मग शेतकऱ्याचं नाव, कट्टे किती, वजन किती, भाव काय, हमाली किती वजा, तोलाई किती वजा, खाली उरलेली रक्कम. दाजींच्या वडिलांपासून हे हातानं चालत आलं होतं. भाच्याला ते बघवेना. त्यानं एका रविवारी बसून पट्टीचा प्रोग्राम लिहिला. संध्याकाळी एका काल्पनिक शेतकऱ्याच्या नावानं पट्टी छापली. सुरेख आली. दुरुस्ती केली, प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा एक पट्टी छापली. सुरेख आली. असं आठ-दहा वेळा झालं. दाजींनी छपाईच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं.

सोमवारी बाजार भरला. पहिल्या शेतकऱ्याची पट्टी सुरेख आली. दुसऱ्याच्या पट्टीवर पहिल्याचं नाव आणि हिशोब आला, त्याच्याखाली दुसऱ्याचं नाव आणि हिशोब आला. गर्दीत कोणी बघितलं नाही. रक्कम दाजी पडद्यावर बघून देत होते आणि ती बरोबर होती; बिघाड होता फक्त कागदावरच्या मजकुरात. तिसऱ्याच्या पट्टीवर तिघं आले. चौथे होते ते औशाकडचे एक म्हातारे, दाजींच्या वडिलांपासूनचे शेतकरी. ते पट्टी घेऊन बाजूला गेले, कट्ट्यावर बसले, बोटानं एकेक ओळ मोजली आणि परत आले.

"शेठ, मला वाचाया येत नाही, पण मोजाया येतंय. हमाली किती डाव कापलाव?"

"एकदाच, काका."

"कागदावर चार डाव हाय."

दाजींनी कागद बघितला. चार वेळा होती. तोलाईही चार वेळा होती. दाजी म्हणाले, "काका, मशीन चुकलंय. पैसे बरोबर आहेत, तुम्ही मोजून बघा."

म्हातारे म्हणाले, "पैसे बराबर हायत मनता, मग कागद खोटा कामून? अन् कागद खोटा असंल, तर मागच्या तीस सालाचे कागद खरे होते का मनून मी कोणाला इचारू?"

यार्डात आवाज न चढवता बोललेलं वाक्य फार लांबपर्यंत ऐकू जातं. आडतीचा धंदा काट्यावर चालत नाही, शब्दावर चालतो. शेतकरी समोरच्या दुकानात जाऊ शकतो. चार पावलांचा प्रश्न असतो. त्या दिवशी म्हातारे पैसे घेऊन गेले, पण जाताना रोजच्यासारखे 'येतो शेठ' म्हणाले नाहीत. दाजी दुपारी जेवले नाहीत. ताईनं मला नांदेडला फोन केला, आणि मी शनिवारची एस.टी. धरून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोहोचलो. प्रोग्राममधलं मला काय कळणार होतं? पण घरात बाप-लेक बोलत नसले की मामाला बोलवायची पद्धत आहे.

मी गेलो तेव्हा भाचा मान खाली घालून बसला होता.

"मामा, रुबीत स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. मी दुकानाच्या नावाची एक स्ट्रिंग केली, तिला 'मथळा' असं नाव दिलं. मग प्रत्येक शेतकऱ्यासाठी लिहिलं, पट्टी बरोबर मथळा. मला वाटलं, मथळ्याची नवी नक्कल निघाली आणि तिला पट्टी नाव मिळालं."

"मग?"

"नक्कल निघतच नाही. त्याच माळेला दुसरं नाव मिळतं. मग मी पट्टीला खाली शेतकऱ्याचा मजकूर जोडला..."

"म्हणजे गंगेत टाकला," मी म्हणालो.

"काय?"

"आणि घाण झाली गोदावरी. पुढच्या शेतकऱ्याला तू पुन्हा त्याच गोदावरीचं पाणी भरून दिलंस. त्यात आधीच्याचं निर्माल्य होतंच."

भाचा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "मामा, तुम्ही कॉमर्सला कशाला गेलात?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझे बारावीचे गणिताचे मार्क देऊ शकले असते, पण मी विषय वाढवला नाही.

तर सांगायची गोष्ट अशी. रुबीत 'बरोबर' हे चिन्ह म्हणजे संयुक्त खात्यात दुसरं नाव घालण्याचा फॉर्म. नवं खातं उघडत नाही. आणि दोन बाणटोकांचं जे चिन्ह भाच्यानं मजकूर जोडायला वापरलं होतं, ते असलेल्या माळेतच मणी ओवतं. नव्या शेतकऱ्यासाठी नवा धागा घेत नाही. याच ठिकाणी त्यानं अधिकचं चिन्ह वापरलं असतं, तर रुबीनं दोन्ही मजकूर मिळून एक नवी माळ केली असती आणि मथळा कोराच राहिला असता. एका चिन्हाचा फरक. आमच्याकडं जमा आणि नावे यांत एका रकान्याचाच फरक असतो, त्यामुळं मला त्याची दया आली.

पण मग रविवारी सगळं सुरेख कसं आलं? भाच्यानं तेही सांगितलं. प्रत्येक वेळी त्यानं प्रोग्राम नव्यानं चालू करून एकाच शेतकऱ्याची पट्टी काढली होती. पहिला शेतकरी नेहमीच सुखरूप असतो. असले घोटाळे दुसऱ्या माणसापासून सुरू होतात, आणि तपासणारा तर एकटाच असतो.

संध्याकाळी आणखी गंमत झाली होती. दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या प्रोग्रामनं एका यादीत ठेवल्या होत्या. दाजींनी त्या पुन्हा छापायला सांगितल्या. तेवीस शेतकऱ्यांच्या तेवीस पट्ट्या निघाल्या आणि तेवीसच्या तेवीस एकसारख्या! प्रत्येकीवर सगळा बाजार. पहिल्या शेतकऱ्याची सकाळी सुरेख आलेली पट्टीसुद्धा आता हातभर लांब झाली होती, कारण यादीत तेवीस पट्ट्या नव्हत्याच. एकाच पट्टीला बांधलेल्या तेवीस चिठ्ठ्या होत्या. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. कोणत्याही रस्त्यानं जा, पोहोचणार गोलाईतच. रस्ते सोळा आहेत म्हणून गोलाया सोळा होत नाहीत.

भाच्यानं घाबरून पहिली दुरुस्ती केली ती अशी, की यादीची नक्कल काढली. रुबीत नक्कल काढायला 'डुप' नावाचा शब्द आहे. यादी डुप केली, पुन्हा छापली. पुन्हा तेवीस बाजार. कारण डुप वरवरची असते. यादीची नक्कल निघाली, पण दोन्ही याद्यांतल्या चिठ्ठ्या त्याच एका पट्टीकडं बोट दाखवत होत्या. फोनच्या डायरीची झेरॉक्स काढली म्हणून नातेवाईक दुप्पट होत नाहीत. होत असते, तर झेरॉक्सच्या दुकानांवर सरकारला बंदीच घालावी लागली असती.

खरी दुरुस्ती एका शब्दाची होती. प्रत्येक शेतकऱ्याच्या वेळी मथळ्याचीच डुप काढायची आणि त्या नकलेवर मजकूर जोडायचा. शेतकरी तितक्या नकला. बस्स. पण भाचा तेवढ्यावर थांबला नाही. ठेच लागलेला माणूस रस्त्यातले सगळेच दगड उचलतो. त्यानं मथळा गोठवून टाकला. गोठवणं म्हणजे काय हे बँकवाल्याला शिकवायला नको. वरून पत्र आलं की आम्ही खातं गोठवतो, मग त्यात शिल्लक दिसते पण हात लावता येत नाही. रुबीत 'फ्रीझ' म्हटलं की ती माळ तशी होते. तिच्यात कोणी चुकून मणी ओवायला गेलं, तर प्रोग्राम त्याच जागी थांबतो आणि 'गोठलेली स्ट्रिंग बदलता येत नाही' असं इंग्रजीत ओरडतो. २०१५ साली आलेल्या रुबी २.३ पासून तर फाईलच्या माथ्यावर एक ओळ लिहिली, की त्या फाईलमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेली साधी स्ट्रिंग जन्मतःच गोठलेली असते. ती ओळ भाच्यानं आधी लिहिली असती, तर प्रोग्राम रविवारी घरातच ओरडला असता. घरात ओरडलेलं परवडतं. सोमवारी भरबाजारात म्हाताऱ्यानं हळू बोललेलं परवडत नाही.

"जावा आणि पायथनमध्ये स्ट्रिंग बदलताच येत नाही," भाचा म्हणाला. "जावास्क्रिप्टमध्येसुद्धा. तिथं हा घोटाळा होऊच शकत नाही. बदल केला की नवी स्ट्रिंगच मिळते."

"मग तुझ्या जपानी माणसाला हे सुचलं नाही का?"

"सुचलं असणार. पण दर वेळी नवी नक्कल म्हणजे जागा लागते, वेळ लागतो. हजार तुकडे जोडून एक मोठा मजकूर करायचा, तर प्रत्येक तुकड्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा उतरवायचं का? त्यासाठी जावातही स्ट्रिंगबिल्डर नावाची वेगळी वस्तू ठेवलीय. तिच्यात काय ती जोडाजोड करायची आणि शेवटी एकदा पक्की स्ट्रिंग काढून घ्यायची."

मी म्हणालो, "बाबा रे, ही अक्कल आमच्या धंद्याला फार जुनी आहे." आणि मग मी त्याला आमचे रिटायर झालेले हेडक्लार्क सांगितले. त्यांच्या काळात लेजर हातानं लिहायचे. आकडा चुकला तर रबरानं खोडायचा नाही, ब्लेडनं खरवडायचा नाही, वर गिरवायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. आणि दिवस उलटून गेल्यावर चूक सापडली, तर जुन्या नोंदीला हात नाही. उलटी नोंद करायची आणि मग नवी बरोबर नोंद करायची. झालेलं झालं, ते दिसलं पाहिजे. द्विनोंदी पद्धतीवर लुका पाचोलीचं पुस्तक व्हेनिसला १४९४ साली छापलं गेलं. तेव्हापासून हिशोबनिसांच्या किती पिढ्या गेल्या, पण रबर कोणी मागितलं नाही. चेकचंही तसंच. पूर्वी चेकवर खाडाखोड करून तिथं सही केली की चालायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ डिसेंबर २०१० पासून क्लिअरिंगच्या चेकवर तारखेखेरीज खाडाखोड चालत नाही. चुकला तर फाडा, नवा लिहा. म्हणजे चेक ही गोठलेली स्ट्रिंग आहे.

"आणि बदलणं याला तुमच्यात काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्यूटेशन."

आता बघतच राहण्याची पाळी माझी होती. कारण शेतजमिनीच्या कर्जाच्या फायली बघताना हा शब्द मी शेकडो वेळा वाचला आहे. सातबाऱ्यावर जो फेरफार होतो, त्याला महसुलाच्या इंग्रजीत म्यूटेशनच म्हणतात. आणि सातबाऱ्याइतकी सामाईक गोष्ट दुसरी कोणती? वडील गेले, चार वारसांची नावं लागली. नावं चार, जमीन एक. एकानं गुपचूप काही केलं तर चौघांचंच बदलणार. म्हणून सरकारनं इथं डुप काढायला सांगितलं नाही, जमिनीची डुप निघत नाही. सरकारनं अशी वाट काढली, की फेरफाराची नोंद आधी नमुना सहाच्या वहीत घालायची, संबंधितांना नोटीस द्यायची, चावडीवर लावायची, हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे आणि मगच ती प्रमाणित करायची. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमातलं हे दीडशेवं कलम. ज्याची नक्कल काढता येत नाही, त्यात बदल करायचा तर सगळ्यांना सांगून करायचा. तलाठ्याला जे कळतं ते संगणकाला वेगळं शिकवावं लागतं, हे ऐकून भाच्याच्या मनात महसूल खात्याविषयी आदर निर्माण झाला. अशी घटना आमच्या घराण्यात प्रथमच घडत होती.

दाजी हे सगळं आतल्या खोलीतून ऐकत होते. बाहेर येऊन लेकाकडं न बघता मला म्हणाले, "मेव्हणे, ह्याला येवढंच सांगा. आमच्या धंद्यात कच्ची वही असती अन् पक्की वही असती. कच्चीवर काय खोडायचं, जोडायचं, गिरवायचं ते बिनधास्त करावं. पक्कीवर एकदा उतरलं की हात लावायचा नाही. अन् एकाची कच्ची दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही."

भाचा हळूच म्हणाला, "मामा, माझ्या एका रविवारात जे बसलं नाही, ते ह्यांनी तीन वाक्यांत सांगितलं."

दाजी लेकाकडं बघून म्हणाले, "मग इचारायचं होतंस की." बाप-लेकांत बोलणं सुरू झालं. माझं काम झालं.

दुसऱ्या दिवशी भाचा तेवीस नव्या पट्ट्या छापून, मोटारसायकलवर बसून औशाच्या बाजूला गेला. बाकीच्यांच्या दुकानातून देता आल्या असत्या, पण त्या म्हाताऱ्यांच्या घरी तो स्वतः गेला. त्यांनी पट्टी घेतली, ओसरीवर बसून बोटानं ओळी मोजल्या. हमाली एक, तोलाई एक. पुन्हा मोजल्या.

"बराबर हाय," ते म्हणाले. "चहा घे."

भाच्यानं चुकीची पट्टी परत मागितली. ती त्यांनी दिली नाही. म्हणाले, "राहू दे. तिच्यावर आमच्या पावण्याचा बी हिशोब हाय. त्यो मला सोयाबीन कमी झालं मनला होता." पुढच्या बाजाराला माल घेऊन ते दाजींकडंच आले, आणि जाताना 'येतो शेठ' म्हणाले. त्या दिवशी दाजी दोन वेळा जेवले, असं ताई सांगते.

यावरून 'सगळ्याच्या नकला काढा आणि सुखी व्हा' असा उपदेश करून मला हा लेख संपवता आला असता. पण नकलांचीही एक खोड आहे, आणि ती सांगितली नाही तर हिशोब पुरा होणार नाही.

आमची आई सहा महिने नांदेडला आमच्याकडं असते, सहा महिने लातूरला ताईकडं. तिला रक्तदाबाची गोळी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक झेरॉक्स आम्ही नांदेडच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली होती. गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. ताईकडची चिठ्ठी बदलली. नांदेडच्या कपाटातली झेरॉक्स मात्र झेरॉक्सच्या स्वभावाप्रमाणं जशीच्या तशी राहिली. तिला कोण सांगणार? आई नांदेडला आली त्या रात्री बायकोनं कपाटात बघून अख्खी गोळी तिच्या हातावर ठेवली. आईनं गोळीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं आणि म्हणाली, "अगं, अर्धी केलीय की लातूरच्या डॉक्टरनं. तुमच्या दाराला कळलं नाही वाटतं."

नाही कळलं. दाराला कळत नाही, आणि नेमकं त्याचसाठी आपण नक्कल काढतो: दुसऱ्यानं केलेला बदल आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून. पट्टीला ते हवं असतं, गोळीला नको असतं. झालेल्या व्यवहाराची नक्कल काढावी आणि गोठवावी. पण चालू असलेल्या गोष्टीचं मूळ एकच ठेवावं, आणि ज्याला बघायचंय त्यानं तिथं जाऊन बघावं. कोणती गोष्ट कुठल्या रकान्यात जाते हे ओळखणं म्हणजेच अक्कल. ती कोणत्या भाषेत आयती मिळते का, असं मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, अजून तरी नाही.

आता कपाटाच्या दारावरची झेरॉक्स आम्ही काढून टाकली आहे. चिठ्ठी एकच, आईच्या कापडी पिशवीत, तिच्या चष्म्याशेजारी. आई जिथं, चिठ्ठी तिथं. डॉक्टर नांदेडचा असो की लातूरचा, त्याच कागदावर तारीख घालून लिहितो. जुन्या ओळीवर रेघ मारतो, खाली सही करतो.

आईला हा सगळा बंदोबस्त पसंत आहे. तिची तक्रार एवढीच, की हल्ली दोन्ही घरच्या सगळ्यांना तिच्या गोळ्यांचं सगळं माहीत असतं. नांदेडला जेवणानंतर तिनं चिवड्याचा डबा उघडला, की लातूरहून फोन येतो.